रान ओलं, तरी ऊस का करपतो? साखर कारखान्याला कंटाळलेल्या शास्त्रज्ञाने मांडलेलं गणित

इंदापूर तालुक्यातील सणसर हे नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यातलं गाव. या पट्ट्यात क्षारपड रान नवं नाही. तिथे ओल असूनही ऊस करपतो, कारण मुळांच्या पेशींना पाणी ओढता येत नाही. यामागचं गणित याकोबुस व्हान्ट हॉफ या डच शास्त्रज्ञाने मांडलं.

1852 मध्ये रॉटरडॅमला डॉक्टरच्या घरात जन्म. डेल्फ्टला तंत्रशिक्षण घेताना सुट्टीत त्यांनी साखर कारखान्यात काम केलं. त्याच त्या कामाला कंटाळून ते संशोधनाकडे वळले. 1874 मध्ये त्यांनी कार्बनच्या रेणूंना त्रिमितीय आकार असतो असं मांडलं, तर नामवंत रसायनतज्ज्ञ कोल्बे यांनी जाहीर खिल्ली उडवली. पशुवैद्यक शाळेतल्या नोकरीवरूनही टोमणा मारला.

गंमत म्हणजे साखर पुन्हा आडवी आली. अॅमस्टरडॅममध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ द व्रीस यांच्याकडून त्यांना फेफर यांचे प्रयोग कळले. फेफर यांचा पडदा पाणी सोडायचा, साखर अडवायचा. द्रावण दुप्पट तीव्र केलं की दाबही जवळपास दुप्पट. हा दाब वायूंच्याच नियमाने चालतो, हे व्हान्ट हॉफ यांनी ओळखलं. 1901 मध्ये रसायनशास्त्राचं पहिलं नोबेल त्यांना मिळालं. 1911 मध्ये क्षयाने त्यांचं निधन झालं.

पेशीच्या पडद्यातून पाणी कमी क्षारांकडून जास्त क्षारांकडे जातं. जमिनीतल्या पाण्यातच क्षार वाढले की मुळांची ओढ लंगडी पडते. निचरा नसताना आणखी पाणी दिलं, तर भूजल वर येतं आणि बाष्पीभवनानंतर क्षार वरच साचतात. म्हणून अशा रानात आधी चर काढावे लागतात.