२५५ डॉलरचा वकील

वकिलांच्या पेढ्यांची प्रतवारी लावणाऱ्या जाडजूड निर्देशिका दरवर्षी लंडनहून निघतात. चेंबर्स आणि लीगल ५०० ही त्यांतली दोन ठळक नावे. बँका, शेअर बाजार, विमा यांच्यावर सरकारी नियमांचे जे जाळे असते, त्यात कोणती पेढी अधिक वाकबगार हे सांगणारे स्वतंत्र प्रकरणच त्यांत असते. न्यूयॉर्कच्या पेढ्या पाहू गेलो तर डेव्हिस पोल्क, सलिव्हन अँड क्रॉमवेल ही नावे तिथे हमखास वरच्या रांगेत दिसतात. त्यांची मुळे एकोणिसाव्या शतकात पोचतात. पण नियमांचे हे जाळे अमेरिकेत ज्या माणसामुळे विणले गेले तो यांपैकी एकाही पेढीत नव्हता. तो त्यांच्यासमोर उभा होता. त्याचे नाव फर्डिनांड पेकोरा.

पेकोरांचा जन्म ६ जानेवारी १८८२ चा, सिसिलीतल्या निकोसिया गावचा. वडील चांभारकाम करणारे. मुलगा चार-पाच वर्षांचा असताना कुटुंब बोटीने न्यूयॉर्कला आले. त्या काळी इटलीतून, त्यातही सिसिलीतून आलेल्या माणसाकडे तिथले प्रतिष्ठित लोक कोणत्या नजरेने पाहत असतील ते मुंबईत आलेल्या कुठल्याही गिरणी कामगाराच्या मुलाला वेगळे सांगायला नको. पेकोरांना धर्मोपदेशक व्हायचे होते आणि त्या शिक्षणासाठी ते कॉलेजातही गेले होते. मध्येच वडिलांना अपघात झाला, घर चालवण्याची जबाबदारी अंगावर आली आणि शिक्षण सुटले. मग वॉल स्ट्रीटवरच्या एका वकिलाच्या कचेरीत कारकुनी धरली. ती सांभाळत कायद्याचा अभ्यास केला आणि १९११ मध्ये सनद मिळवली.

१९१८ पासून बारा वर्षे ते न्यूयॉर्कच्या सरकारी वकिलाच्या कचेरीत होते. शेअर बाजाराच्या भावांवर सट्टा घ्यायचा, प्रत्यक्षात शेअर मात्र विकत घ्यायचाच नाही, अशी दुकाने तेव्हा तिथे गल्लोगल्ली होती. आपल्याकडे ज्याला डब्बा म्हणतात तोच हा प्रकार. अशी शंभरावर दुकाने पेकोरांनी बंद पाडली. प्रमुख सरकारी वकिलांनी निवृत्त होताना आपला वारस म्हणून त्यांचेच नाव सुचवले होते. पक्षाच्या पुढाऱ्यांनी ते मान्य केले नाही. हा माणस निवडून आला तर कोणाकोणावर खटले भरील याचा नेम नव्हता, हेच कारण असावे. पेकोरा मुकाट्याने खाजगी वकिली करू लागले.

१९२९ मध्ये शेअर बाजार कोसळला. त्याची चौकशी सिनेटच्या बँकिंग समितीने १९३२ मध्ये सुरू केली, पण ती रखडत चालली होती. एकामागून एक वकील आले आणि गेले. जानेवारी १९३३ मध्ये समितीचे अध्यक्ष नॉर्बेक यांनी पेकोरांना बोलावले ते केवळ अहवाल लिहून काम आटोपण्यासाठी. मेहनताना होता महिना २५५ डॉलर. पेकोरांनी कागद चाळले आणि अहवाल लिहिण्याजोगे यात अजून काही नाही, आधी साक्षी घ्यायला हव्यात, असे सांगितले. मुदत ४ मार्चला संपत होती.

हाताशी मोजकी माणसे आणि समोर नॅशनल सिटी बँक, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या बँकांपैकी एक. हिची शाखा आपल्या कोलकात्यातही होती. सिटीबँक या नावाने पुढे आपण जिला ओळखू लागलो तीच ही बँक. तिचे जुने वकील म्हणजे शिअरमन अँड स्टर्लिंग ही भारदस्त पेढी.

पेकोरांनी पहिल्यांदा बँकेची मिनिट्स मागवली आणि ती वाचायला घेतली. संचालक मंडळाच्या बैठकांची इतिवृत्ते हा जगातला सर्वांत कंटाळवाणा वाङ्मयप्रकार आहे, हे मी बँकेतल्या नोकरीच्या अनुभवावरून सांगू शकतो. वाचणाऱ्याला झोप यावी म्हणूनच ती लिहिलेली असतात की काय, असे वाटते. पेकोरांना झोप आली नाही. आकडे त्यांच्या डोक्यात पक्के बसत आणि साक्षीदारासमोर कागद न पाहता बाहेर येत.

२१ फेब्रुवारी १९३३ रोजी बँकेचे अध्यक्ष चार्ल्स मिचेल साक्षीला आले, ते मोठ्या आत्मविश्वासाने. पेकोरा आवाज चढवत नसत. नम्रपणे एकेक प्रश्न विचारत आणि उत्तर शपथेवर नोंदवून घेत. वर्षाला दहा लाख डॉलरांवर कमाई असलेल्या मिचेलनी १९२९ मध्ये बँकेचे १८,३०० शेअर्स आपल्या पत्नीला विकून कागदोपत्री तोटा दाखवला होता आणि त्या तोट्याच्या आधारे प्राप्तिकर चुकवला होता, हे त्यांच्याच तोंडून बाहेर आले. पेरू देशाची सुमारे नऊ कोटी डॉलरची कर्जरोखे बँकेच्या उपकंपनीने सामान्य गिऱ्हाइकांच्या गळ्यात मारली होती. त्या देशाला कर्ज देणे धोक्याचे आहे, असे सांगणारे अहवाल कंपनीच्याच कपाटात होते. ते गिऱ्हाइकांना कोणी दाखवले नव्हते. १९३१ मध्ये पेरूने हप्ते थांबवले.

पेनसिल्व्हानियातल्या पॉट्सव्हिल या लहानशा गावचा एक आजारी माणूस साक्षीला आला. आयुष्याची पुंजी बँकेचे नाव पाहून त्याने विश्वासाने दिली होती. ती रोख्यांत आणि मग शेअर्समध्ये फिरत राहिली. सगळे विकून टाका म्हणून तो सांगायला गेला तर विक्रेत्यांनी त्याला घेरून परोपरीने त्याचे मन वळवले. उरले जवळजवळ काहीच नाही.

मला मात्र या साऱ्यात सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट बँकेच्या आतली वाटते. मंदीनंतर वरिष्ठ अधिकाऱ्यांचे शेअर बाजारात हात पोळले म्हणून बँकेने २४ लाख डॉलरचा निधी बाजूला काढला आणि त्यांना बिनव्याजी, जवळजवळ बिनतारणी कर्जे दिली. परत आले ते पाच टक्क्यांच्या आसपास. त्याच बँकेच्या कारकुनांना बँकेचेच शेअर्स २०० डॉलरच्या वरच्या भावाने हप्त्यांवर घ्यायला लावले होते. भाव ४० पर्यंत घसरला तरी त्यांच्या पगारातून हप्ते कापले जातच होते. ज्याने कधी बँकेत पगारपत्रक केले आहे त्याला या दोन ओळींपलीकडे आणखी काही सांगावे लागत नाही.

आठवड्याच्या आत मिचेलनी राजीनामा दिला. ४ मार्चला रूझवेल्ट अध्यक्ष झाले आणि देशभरातल्या बँका काही दिवस बंद ठेवाव्या लागल्या. समितीची मुदत अर्थातच वाढली.

मग मे महिन्यात मॉर्गन आले. जे. पी. मॉर्गन धाकटे आणि त्यांची खाजगी पेढी. त्यांचे वकील होते जॉन डब्ल्यू. डेव्हिस, म्हणजे ज्यांच्या नावाने डेव्हिस पोल्क ओळखली जाते तेच. सरकारचे सॉलिसिटर जनरल, ब्रिटनमधले राजदूत आणि १९२४ च्या निवडणुकीत अध्यक्षपदाचे उमेदवार अशी त्यांची कारकीर्द. त्यांच्याएवढा नामवंत वकील तेव्हा अमेरिकेत क्वचितच असेल. खाजगी भागीदारीच्या चोपड्या पाहण्याचा सिनेटला अधिकारच नाही, हा त्यांचा मुद्दा कायद्याच्या दृष्टीने लेचापेचा नव्हता. सिनेटने नवा ठराव करून तो अधिकार घेतला.

मॉर्गन पेढीच्या भागीदारांनी १९३१ आणि १९३२ या दोन्ही वर्षांत प्राप्तिकराचा एक छदामही भरला नव्हता. शेअर्समधला तोटा वजा केल्यावर कर निघतच नव्हता आणि ते पूर्ण कायदेशीर होते. याद्याही निघाल्या. बाजारात पस्तीसच्या आसपास भाव असलेले ॲलेगनी कंपनीचे शेअर्स मर्जीतल्या माणसांना वीस डॉलरला दिलेले होते. त्या नावांत सेनापती होते, राजकारणी होते, रूझवेल्ट यांचे विद्यमान अर्थमंत्री होते आणि खुद्द डेव्हिसही होते. हेही कायदेशीरच. या गांभीर्यात सर्कशीच्या एका जाहिरातदाराने एक ठेंगणी बाई आणून मॉर्गनच्या मांडीवर बसवली आणि तेच छायाचित्र गाजले. वर्तमानपत्रांचे हे असे असते.

इथे पेढ्यांच्या तुलनेचा प्रश्न येतो. शिअरमन असो की डेव्हिस, त्यांनी आपले काम चोख केले होते. अशिलाने विचारले होते, अमुक करता येईल का? त्यांनी कायदा पाहून सांगितले, येईल. आमच्या बँकेत कर्जाची कागदपत्रे पॅनलवरच्या वकिलाकडे ओपिनियनसाठी जात. ओपिनियन आले की शाखाधिकारी सगळ्यांत आधी शेवटचा परिच्छेद वाचत. हरकत नाही एवढे दिसले की वरचे चार परिच्छेद बहुधा तसेच फायलीत जात. निर्देशिकांतली प्रतवारी त्या शेवटच्या परिच्छेदाच्या भरवशाची असते. पेकोरांनी वरचे परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवले. जे चालते ते सगळे दिवसाउजेडी मांडले आणि हे चालू द्यायचे की नाही ते लोकांवर सोडले.

मिचेल यांच्यावरच्या फौजदारी खटल्यात जूरीने त्यांना निर्दोष सोडले, यावरून कायदा किती अपुरा होता ते दिसते. करचुकवेगिरीची रक्कम आणि दंड मात्र त्यांना टळला नाही. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९३८ मध्ये निकाल सरकारच्या बाजूने लागला.

लोकांचा कौल लवकर आला. २७ मे १९३३ रोजी कर्जरोखे आणि शेअर्स विकताना खरी माहिती देणे बंधनकारक करणारा कायदा झाला. सलिव्हन अँड क्रॉमवेलचे जॉन फॉस्टर डलेस त्याच्या विरोधात वॉशिंग्टनला जाऊन आले होते, पण उपयोग झाला नाही. १६ जूनला ग्लास-स्टीगल कायद्याने ठेवी घेणारी बँक आणि रोखे विकणारी पेढी यांची फारकत केली. शरद ऋतूत चेस बँकेचे विगिन साक्षीला आले. १९२९ च्या पडझडीत या गृहस्थांनी स्वतःच्याच बँकेचे शेअर्स मंदीत विकून चाळीस लाख डॉलर कमावले होते. जून १९३४ मध्ये शेअर बाजारावर देखरेख ठेवणारा आयोग स्थापन करणारा कायदा आला. आपल्या सेबीला कायद्याने अधिकार मिळाले ते १९९२ मध्ये, हर्षद मेहता प्रकरण उजेडात आले त्याच वर्षी.

त्या आयोगाचे अध्यक्षपद पेकोरांना मिळेल अशी अनेकांची अपेक्षा होती. रूझवेल्टनी ते जोसेफ केनेडी यांना दिले. हे स्वतः बाजारातले मुरलेले सटोडिये. पेकोरा साधे सदस्य झाले. जेमतेम सहा महिन्यांनी, जानेवारी १९३५ मध्ये, त्यांनी राजीनामा दिला आणि न्यूयॉर्क राज्याच्या न्यायालयात न्यायाधीश झाले. वॉल स्ट्रीटच्या चौकशीवर १९३९ मध्ये त्यांनी एक पुस्तकही लिहिले.

गंमत अशी की या कायद्यांनी ज्यांची अडचण व्हायची त्या पेढ्यांचीच भरभराट झाली. नव्या नियमांतून वाट दाखवायला आता प्रत्येक बँकेला वकील हवा होता. १९३५ मध्ये मॉर्गनची दोन शकले झाली आणि डेव्हिस पोल्कला एका अशिलाचे दोन अशील मिळाले. ग्लास-स्टीगलची ती भिंत १९९९ मध्ये पाडली गेली. २००८ च्या अरिष्टानंतर नवे नियम आले तेव्हा त्यांचा अर्थ लावून द्यायला पुन्हा याच पेढ्या होत्या. शिअरमन २०२४ मध्ये लंडनच्या ॲलन अँड ओव्हरीत विलीन झाली. आणि २००८ नंतर नवा पेकोरा कुठून आणायचा, ही विचारणा अमेरिकेत बरेच दिवस चालली होती.

खुद्द पेकोरांनी १९५० मध्ये न्यायाधीशपद सोडून न्यूयॉर्कच्या महापौरपदाची निवडणूक लढवली. तिन्ही प्रमुख उमेदवार इटलीत जन्मलेले होते. चांभाराच्या घरातून बोटीने आलेल्या मुलाच्या डोळ्यांदेखत शहर इतके बदलले होते. पक्षाने पाठिंबा देऊनही पेकोरा हरले. निवडून आले ते इंपेलिटेरी, तेही सिसिलीचेच. मग पेकोरा पुन्हा वकिली करू लागले. ७ डिसेंबर १९७१ रोजी, नव्वदीला महिनाभर उरला असताना, ते न्यूयॉर्कमध्ये वारले.