गटारातल्या चिखलातून पाताळापर्यंत

मार्टिनस बायरिंक यांचा जन्म १६ मार्च १८५१ रोजी अॅमस्टरडॅमला झाला. वडिलांचा तंबाखूचा व्यापार बुडाला आणि मुलाचे बालपण ओढगस्तीत गेले. पुढे याच मुलाने तंबाखूच्या रोगट पानांचा अभ्यास करून १८९८ मध्ये विषाणूची कल्पना मांडली, हा योगायोग विलक्षणच! डेल्फ्ट येथे शिकताना रसायनशास्त्रज्ञ व्हान्ट हॉफ त्यांचे मित्र होते. १८८५ पासून दहा वर्षे त्यांनी तेथील यीस्ट व मद्यार्काच्या कारखान्यात संशोधन केले. १८९५ मध्ये ते प्राध्यापक झाले.

त्याच वर्षी त्यांनी एक छोटासा जीवाणू जगापुढे आणला. डबक्या-गटारांच्या काळ्या चिखलाला सडक्या अंड्यांचा वास का येतो, याचे उत्तर त्यात होते. हा जीवाणू प्राणवायूवाचून जगतो, पाण्यातल्या सल्फेटवर श्वसन करतो आणि हायड्रोजन सल्फाइड बाहेर टाकतो. त्या वेळी हा शोध काहीसा किरकोळ वाटला असल्यास नवल नाही.

फिनलंडने ऑल्किलुओटो येथे अणुभट्टीतील वापरलेले इंधन तांब्याच्या जाड पिंपांत घालून चारशे मीटरहून खोल खडकात पुरण्याचे ठरवले, तेव्हा मात्र हाच जीवाणूगट चिंतेचा विषय ठरला. प्राणवायू संपला की तांबे सहसा गंजत नाही. सल्फाइड मात्र त्याला खाते. आणि पिंपे टिकायला हवीत ती एक लाख वर्षे! म्हणून त्यांच्याभोवती बेंटोनाइट माती अशी घट्ट दाबून बसवायची असते, की जीवाणूला वाढायला जागाच उरू नये. खोल खडक निर्जीव असतो, या समजुतीवर विसंबता येत नाही. दक्षिण आफ्रिकेतील म्पोनेंग सोन्याच्या खाणीत २.८ किलोमीटर खाली असाच सल्फेटवर जगणारा जीवाणू सापडला. खडकातील किरणोत्सारामुळे पाण्यातून सुटणारा हायड्रोजन त्याचे अन्न आहे, असे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले.

बायरिंक स्वभावाने तापट होते. विद्यार्थी त्यांना वचकून असत. संशोधकाने संसारात पडू नये, असे त्यांचे ठाम मत होते आणि स्वतः त्यांनी लग्न केले नाही. १९२१ मध्ये निवृत्त होऊन ते गोर्सेल गावी बहिणींसह राहिले. १ जानेवारी १९३१ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले.