तुकड्यांतला चेहरा

फ्रान्सिस न्यूटन सूझांनी रंगवलेली बाई पाहून आपण नाक मुरडतो. डोळे कपाळावर, जाड काळ्या रेषा, चेहऱ्याचे जणू तुकडेच! १९२४ साली गोव्यातल्या साळगावात जन्मलेल्या सूझांचे वडील ते तान्हे असतानाच गेले. देवीच्या आजारातून ते वाचले. आईने मुंबईत शिवणकाम करून त्यांना वाढवलं. चले जाव चळवळीपायी १९४५ मध्ये जे. जे. कलाशाळेतून काढलं, तरी १९४७ मध्ये त्यांनी सोबत्यांसह प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभारला. लंडन, न्यूयॉर्क करून २००२ मध्ये मुंबईतच निधन पावले.

आमच्या कवठे महांकाळमध्ये काम करताना मला अशाच बायका भेटतात. ओठांवर हसू, डोळ्यांत राग, कपाळावर काळजी, सगळं एकाच वेळी. मग चित्रातला चेहरा एकसंध कसा असेल? नाक मुरडण्याआधी एकेक तुकडा नीट बघूया, चित्रातल्या बाईचा आणि शेजारणीचाही.