नांदायला न गेलेल्या रखमाबाई

सासर श्रीमंत असेल तर मुलीने शंका कशाला काढावी, असे आपल्याकडे सहज विचारले जाते. डॉ. रखमाबाईंच्या बाबतीत मात्र पैसा त्यांच्याच पदरी होता आणि शंकाही त्यांचीच होती.

22 नोव्हेंबर 1864 रोजी मुंबईत जन्मलेल्या रखमाबाईंचे वडील त्यांच्या बालपणीच निवर्तले. आई जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह करण्यापूर्वी मालमत्ता मुलीच्या नावे केली. अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न एकोणीस वर्षांच्या दादाजी भिकाजींशी झाले. जावयाने घरजावई म्हणून राहून शिकावे, अशी सखाराम अर्जुनांची अपेक्षा होती. दादाजींनी शिक्षणाकडे पाठ फिरवली, मामाचे घर गाठले आणि ते कर्जबाजारी झाले. पुढे त्यांना पत्नी घरी हवीशी वाटली, तेव्हा ओढ तिची किती आणि तिच्या मालमत्तेची किती, हा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही.

1884 मध्ये प्रकरण उच्च न्यायालयात गेले. अजाण वयात, संमतीवाचून लागलेले लग्न आपल्यावर बंधनकारक नाही, हा रखमाबाईंचा मुद्दा त्या काळाला पेलवणारा नव्हता. 1885 मध्ये न्या. पिन्हे यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. अपिलात तो टिकला नाही. लोकमान्य टिळकांची भूमिकाही रखमाबाईंच्या विरोधात होती, हे सांगताना संकोचण्याचे कारण नाही. मार्च 1887 मध्ये न्या. फॅरन यांनी पतीकडे जा, अन्यथा सहा महिने तुरुंगवास भोगा, असा आदेश दिला. बावीस वर्षांच्या रखमाबाईंनी तुरुंगवासाची तयारी दर्शवली!

तशी वेळ आली नाही. 1888 मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हक्क सोडला. रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी सुमारे पस्तीस वर्षे रुग्णसेवा केली. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. 1904 मध्ये दादाजी वारले, तेव्हा ज्या लग्नाला त्यांनी आयुष्यभर नाकारले, त्याच्याच नावाने त्यांनी वैधव्याचे पांढरे वस्त्र नेसले. याचा उलगडा सोपा नाही.

25 सप्टेंबर 1955 रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी मे महिन्यात हिंदू विवाह कायदा अमलात आला होता. त्याच्या नवव्या कलमात सहवासाचा तो दावा कायम आहे. तुरुंगाची धमकी गेली. पण नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातही या कलमाखाली नांदायला येण्याची मागणी करता येते.