विरोधी बाकावरील यशवंतराव

स्मरणिकेसाठी आपल्या समाजातील एका थोर पुरुषाचे चरित्र लिहून द्यावे, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा कै. यशवंतराव बळवंतराव चव्हाण यांचे नाव आमच्या मनात प्रथम आले. मुख्यमंत्री यशवंतराव व संरक्षणमंत्री यशवंतराव सर्वांच्या परिचयाचे आहेत. परंतु हाती सत्ता नसताना लोकसभेत ते कसे वागले, हे आपल्या घरांतून फारसे बोलले जात नाही. वास्तविक सांगोलेकरांस विरोधी बाकाची थोरवी निराळी सांगावयास नको. कै. गणपतराव देशमुख यांस या तालुक्याने अकरा वेळा विधानसभेत धाडले, आणि त्यांतील बहुतेक काळ ते विरोधी बाजूसच बसले. म्हणून यशवंतरावांच्या चरित्रातील हाच भाग आम्ही विस्ताराने सांगणार आहोत.

आटपाडी, विटा या वाटेने पश्चिमेस गेले की पुढे कडेगावच्या बाजूस देवराष्ट्रे हे गाव लागते. तेथे आजोळी १२ मार्च १९१३ रोजी यशवंतरावांचा जन्म झाला. वडील कोर्टात बेलिफ होते. ते यशवंतरावांच्या बालपणीच निवर्तले. मातोश्री विठाबाईंनी कष्टाने मुले वाढविली. कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात शिकत असतानाच १९३२ साली त्यांस कारावास घडला. पुढे कोल्हापुरास बी. ए. व पुण्यास एल्‌एल्‌. बी. झाल्यावर त्यांनी बेचाळीसच्या चळवळीत उडी घेतली. १९४६ साली ते मुंबई विधानसभेत गेले, १९५६ साली द्विभाषिकाचे आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्याचे मुख्यमंत्री झाले. आर्थिकदृष्ट्या मागासलेल्या पालकांच्या मुलांना जात न पाहता शुल्कात सवलत त्यांच्याच कारकीर्दीत मिळाली. त्या ई. बी. सी. सवलतीचे अर्ज आम्ही शाळेत किती भरून घेतले, त्याची गणती नाही. आपण त्यांस आपल्या समाजाचे म्हणतो. त्यांनी मात्र तो अर्ज कोणा एका समाजापुरता ठेविला नाही.

१९६२ च्या चिनी आक्रमणानंतर पंडितजींनी त्यांस संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस बोलाविले. त्यानंतर गृह, अर्थ व परराष्ट्र ही खाती त्यांनी क्रमाने सांभाळली. अशा रीतीने १९७७ च्या मार्चपर्यंत सुमारे वीस वर्षे ते सलग सत्तेत होते.

त्या मार्चमध्ये सारेच पालटले. काँग्रेसला लोकसभेत अवघ्या १५४ जागा मिळाल्या, व खुद्द श्रीमती इंदिरा गांधी रायबरेलीस पराभूत झाल्या. यशवंतराव साताऱ्यातून निवडून आले होते. काँग्रेस संसदीय पक्षाने त्यांस आपला नेता निवडले, आणि ते लोकसभेतील विरोधी पक्षाचे नेते झाले.

हे पद म्हणजे काय, ते नव्या पिढीसाठी थोडक्यात सांगतो. सभागृहात किमान दशांश सदस्य असल्याखेरीज पक्ष म्हणून मान्यता द्यावयाची नाही, असा दंडक पहिले सभापती दादासाहेब मावळंकर यांनी घालून दिला होता. पंडितजींच्या काळी एवढे बळ कोणत्याच विरोधी पक्षापाशी नव्हते. म्हणून १९६९ पर्यंत लोकसभेत मान्यताप्राप्त विरोधी नेताच नव्हता. १९७७ साली मात्र संसदेने कायदा करून या पदास वेतन व दर्जा दिला. पंतप्रधानांच्या समोरच्या बाजूस पहिल्या रांगेत बसावे, सरकारचे चुकेल तेथे बोट ठेवावे, आणि उद्या राज्य हाती आलेच तर ते चालविण्याची तयारी ठेवावी, असे हे काम आहे.

यशवंतरावांस ते सोपे नव्हते. आणीबाणीत ते मंत्रिमंडळात होते व गप्प राहिले, हा ठपका त्यांच्यावर होता. तो अगदीच अन्यायाचा होता, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु आणीबाणीत केलेल्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीतील न्यायालयांचे अधिकार आखडणारी कलमे काढून टाकण्याचा प्रश्न आला, तेव्हा राज्यसभेत काँग्रेसचे बहुमत होते. काँग्रेसने अडविले असते, तर सरकारचा काही इलाज चालला नसता. तरीही डिसेंबर १९७७ मध्ये संसदेने त्रेचाळिसावी घटनादुरुस्ती संमत केली. आपल्याच पक्षाने केलेले आपल्याच हाताने पुसावयाचे, यास मनाचा मोठेपणा लागतो.

जानेवारी १९७८ मध्ये काँग्रेस दुभंगली. यशवंतराव इंदिराजींबरोबर गेले नाहीत. इंदिराजींच्या गटाचे संख्याबळ वाढताच एप्रिलमध्ये विरोधी नेतेपद श्री. स्टीफन यांजकडे गेले. जुलै १९७९ मध्ये संख्येचे पारडे फिरले व ते यशवंतरावांकडे परत आले. लगेच त्यांनी मोरारजीभाईंच्या सरकारवर अविश्वासाचा ठराव मांडला. जनता पक्षातून माणसे फुटू लागली, आणि मतदानापूर्वीच, १५ जुलै रोजी, मोरारजीभाईंनी राजीनामा दिला. राष्ट्रपतींनी रीतीप्रमाणे विरोधी नेत्यास, म्हणजे यशवंतरावांस, सरकार बनविता येईल काय ते पाहण्यास सांगितले. देवराष्ट्र्याचा मुलगा पंतप्रधानपदाच्या उंबरठ्यावर उभा होता! परंतु पुरेसे सदस्य जमत नाहीत असे दिसताच, चार दिवसांत त्यांनी राष्ट्रपतींस आपली असमर्थता कळविली. हाती नसलेले बहुमत आहे असे भासविण्याचा मोह त्यांस झाला नाही. आमच्या मते त्यांच्या दिल्लीतील सर्व दिवसांत हे चार दिवस श्रेष्ठ होत.

त्यापुढचे मात्र आम्हांस रुचत नाही. २८ जुलै रोजी चौधरी चरणसिंगांचे सरकार आले आणि यशवंतराव त्यात उपपंतप्रधान झाले. इंदिराजींनी पाठिंबा काढताच ते सरकार लोकसभेस सामोरे न जाता २० ऑगस्ट रोजी राजीनामा देऊन मोकळे झाले. यशवंतराव विरोधी बाकावरच राहते तर बरे झाले असते, असे आम्हांस आजही वाटते.

१९८१ साली ते इंदिराजींच्या पक्षात परतले व पुढे आठव्या वित्त आयोगाचे अध्यक्ष झाले. जून १९८३ मध्ये सौ. वेणूताई गेल्या. त्या आघातातून ते सावरले नाहीत. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीत त्यांचे देहावसान झाले. कऱ्हाडास कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर त्यांची समाधी आहे, आणि त्यांचा ग्रंथसंग्रह त्याच गावी वेणूताईंच्या स्मारकात जतन करून ठेविला आहे.