जेम्स हटन

जेम्स हटन (३ जून १७२६ – २६ मार्च १७९७) हे स्कॉटिश भूवैज्ञानिक होते. पृथ्वीचा इतिहास तिच्या खडकांतच नोंदलेला आहे आणि आजही चालू असलेल्या प्रक्रियांच्या आधारे तो उलगडता येतो, हा विचार त्यांनी मांडला. त्यांना आधुनिक भूविज्ञानाचे जनक मानले जाते.

जीवन

हटन यांचा जन्म एडिंबरो येथे एका व्यापारी कुटुंबात झाला. वडील ते लहान असतानाच वारले. वकिलाकडील उमेदवारी अल्पकाळच टिकली. पुढे त्यांनी एडिंबरो व पॅरिस येथे वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि १७४९ मध्ये लायडन विद्यापीठातून रक्ताभिसरणावरील प्रबंधाबद्दल पदवी मिळवली; मात्र वैद्यकी कधी केली नाही. जेम्स डेव्ही या मित्रासह त्यांनी काजळीपासून नवसागर तयार करण्याचा उद्योग उभारला. त्याच्या उत्पन्नामुळे पुढील आयुष्यात त्यांना अर्थार्जनाची चिंता उरली नाही.

१७५० च्या दशकात ते बेरिकशर परगण्यातील वडिलोपार्जित शेतीकडे वळले. नवी शेतीपद्धती शिकण्यासाठी ते इंग्लंडमधील नॉरफोक येथे राहिले आणि त्या निमित्ताने केलेल्या भटकंतीत खड्डे, नाले व नदीकाठ न्याहाळण्याची सवय त्यांना लागली. त्यांच्या सिद्धांताचे मूळ या शेतीतच शोधावे लागते. खडक झिजून माती होते, त्या मातीवर पिके येतात आणि तीच माती पावसाबरोबर समुद्राकडे वाहून जाते. हे अखंड चालले तर जमीन एक दिवस संपून जाईल. ज्या अर्थी ती संपलेली नाही, त्या अर्थी समुद्रतळावरील गाळाचे खडक होऊन ते पुन्हा वर उचलले जात असले पाहिजेत, असे अनुमान त्यांनी काढले. या उत्थानाचे कारण म्हणून त्यांनी पृथ्वीच्या पोटातील उष्णतेकडे बोट दाखवले.

१७६० च्या दशकाच्या अखेरीस ते एडिंबरोला परतले. रसायनशास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक आणि अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथ हे तेथील त्यांचे निकटचे मित्र होते.

सिद्धांत आणि क्षेत्रनिरीक्षण

१७८५ च्या मार्च व एप्रिल महिन्यांत एडिंबरोच्या रॉयल सोसायटीपुढे हा सिद्धांत मांडला गेला. हटन आजारी असल्याने पहिला भाग ब्लॅक यांनी वाचला. त्या काळी युरोपात पृथ्वीचे वय सुमारे ६,००० वर्षे असल्याची समजूत रूढ होती. जर्मनीतील वेर्नर यांच्या मते ग्रॅनाइट हा आद्य महासागराच्या पाण्यातून साचलेला सर्वांत जुना खडक होता. सह्याद्री ज्या काळ्या पाषाणाचा बनला आहे, तो बेसाल्टही ते पाण्यातूनच साचलेला मानीत.

हटन यांनी आधी खडक पाहिले आणि मग सिद्धांत रचला, असे सरसकट सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. निर्णायक ठरलेली बहुतेक स्थळे त्यांनी व्याख्यानांनंतर पाहिली आणि तीही आपले म्हणणे खरे असल्यास खडकांत काय दिसावयास हवे, हे आधी ठरवून.

पहिला प्रश्न ग्रॅनाइटचा होता. तो वितळलेल्या स्थितीत वर आला असेल, तर शेजारच्या जुन्या खडकांत त्याच्या शिरा घुसलेल्या असल्या पाहिजेत. १७८५ मध्येच जॉन क्लार्क यांच्यासह ते ग्लेन टिल्ट या दरीत गेले. तेथील नदीपात्रात काळसर खडक फोडून शिरलेल्या तांबूस ग्रॅनाइटच्या शिरा त्यांना आढळल्या. घुसणारा खडक नंतरचा, हे उघड होते. म्हणजे ग्रॅनाइट सर्वांत जुना नव्हता.

दुसरा प्रश्न काळाचा. त्याचा पुरावा १७८७ मध्ये ॲरन बेटावर व जेडबर्गजवळ मिळाला, पण सर्वांत स्पष्ट दृश्य पुढच्या वर्षी सिकार पॉइंट येथे दिसले. गणिताचे प्राध्यापक जॉन प्लेफेअर आणि जेम्स हॉल यांच्यासह ते होडीतून किनाऱ्याच्या कडेकडेने तेथे पोहोचले. खाली करड्या खडकाचे जवळजवळ उभे थर आहेत. त्यांच्या झिजलेल्या माथ्यावर तांबड्या वालुकाश्माचे किंचित कललेले थर टेकलेले आहेत आणि त्यांच्या तळाशी करड्या खडकाचेच तुकडे अडकलेले आहेत. खालचे थर आडवे साचले, कठीण झाले, उभे वळले, वर आले, झिजले आणि त्यानंतरच वरचे थर साचले, असाच या रचनेचा अर्थ लागतो. आजच्या कालमापनानुसार खालचे थर सुमारे ४३.५ कोटी आणि वरचे सुमारे ३७ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. हटन यांच्याजवळ असे मापनाचे साधन नव्हते. काळ अफाट आहे, एवढेच त्यांना सांगता येत होते.

ग्रंथ व उत्तरायुष्य

आयरिश रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड कर्वन यांनी १७९३ मध्ये या सिद्धांतावर कडाडून टीका केली. दीर्घ आजारपणातही हटन यांनी उत्तर म्हणून १७९५ मध्ये 'थिअरी ऑफ द अर्थ' हा द्विखंडात्मक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याची भाषा इतकी बोजड आहे की तो फारसा वाचला गेला नाही. क्षेत्रनिरीक्षणांचा मोठा भाग ज्यात होता, ते तिसऱ्या खंडाचे हस्तलिखित तर १८९९ पर्यंत अप्रकाशित राहिले. त्यांचे विचार वाचकांपर्यंत पोहोचले ते मुख्यतः प्लेफेअर यांनी १८०२ मध्ये लिहिलेल्या सुबोध विवरणामुळे. पुढे चार्ल्स लायेल यांनी १८३० पासून त्यांचा विस्तार केला.

हटन यांचे दफन एडिंबरोच्या ग्रेफ्रायर्स दफनभूमीत झाले. तेथे त्यांच्या नावाचा फलक १९४७ मध्ये बसवण्यात आला.