बर्फातल्या वाटेचा मिस्त्री

मुंबईच्या लोकलने रोज जा-ये करणाऱ्यांना ‘बॉम्बार्डियर’ हे नाव नवे नाही. २०१५ मध्ये पश्चिम रेल्वेवर पांढऱ्या-जांभळ्या रंगाच्या नव्या लोकल धावू लागल्या, तेव्हा त्यांना वीजयंत्रणा पुरवणाऱ्या कॅनडातील कंपनीचे नाव प्रवाशांनी गाडीलाच देऊन टाकले. त्या कंपनीचा रेल्वेचा व्यवसाय २०२१ मध्ये ‘आल्स्टॉम’कडे गेला. पण हे नाव मुळात एका माणसाचे आहे. त्या माणसाने आपल्या हयातीत रेल्वेचा एकही डबा बांधला नाही, की विमान बनवले नाही. तो एका खेड्यात मोटारी दुरुस्त करणारा मिस्त्री होता आणि बर्फात अडकून पडणाऱ्या माणसांना वाट कशी मिळेल, या एकाच प्रश्नाने त्याला जन्मभर झपाटले होते.

जोसेफ-आर्मां बॉम्बार्दिए हा त्याच्या नावाचा फ्रेंच उच्चार. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात व्हालकूर नावाच्या गावी १६ एप्रिल १९०७ रोजी त्याचा जन्म झाला. वडील आल्फ्रेड हे आधी शेतकरी आणि पुढे गावातले दुकानदार. या भागातला हिवाळा चार-पाच महिन्यांचा. तिथल्या खेड्यांत त्या काळी रस्त्यावरचा बर्फ उपसून टाकण्याची सोयच नव्हती. फार तर घोड्यांकरवी जड रूळ फिरवून बर्फ दाबून घ्यायचा आणि त्यावरून घसरगाड्या हाकायच्या. ज्यांच्याकडे मोटारी होत्या ते लोक हिवाळा लागला की गाडी कोठारात नेऊन लाकडी ठोकळ्यांवर चढवून ठेवत. ती खाली उतरायची ती वसंत ऋतू आल्यावरच.

मोटार बर्फात का अडकते, हे आपल्याकडे ज्याने पावसाळ्यात चिखलात रुतलेली एस.टी. ढकलली आहे त्याला वेगळे सांगायला नको. गाडीचा सगळा भार चार चाकांच्या जेमतेम तळहाताएवढ्या भागांवर येतो. चाक खाली दबते, ड्रायव्हर जोर देतो, चाक जागच्या जागी गरगरते आणि आणखी खोल जाते. बर्फात याहून एक वाईट गोष्ट घडते. फिरणाऱ्या चाकाच्या घर्षणाने खालचा बर्फ वितळतो, लगेच पुन्हा गोठतो आणि त्याची काचेसारखी गुळगुळीत लादी तयार होते. मग गाडीचे पोट बर्फावर टेकले की चाकांना कसलाच आधार राहत नाही. फावड्याने बर्फ उपसणे, चाकाखाली राख किंवा वाळू टाकणे आणि शेवटी घोडे जुंपून गाडी ओढून काढणे, एवढेच उपाय हाताशी होते. पण असे उपाय एका गाडीला एका खड्ड्यातून बाहेर काढतात. पुढच्या वळणावर पुन्हा तेच.

आर्मांला लहानपणापासून यंत्रांचा नाद. मोडकी घड्याळे उलगडून त्यांतल्या चाकांपासून तो चालती खेळणी बनवत असे. मुलगा गावातल्या मोटारी उघडत बसू नये म्हणून वडिलांनी त्याला फोर्डच्या मॉडेल-टी मोटारीचे एक जुने इंजिन दिले. आर्मांने ते घसरगाडीवर बसवले आणि मागे विमानासारखा लाकडी पंखा लावला. १९२२ सालच्या शेवटच्या दिवशी पंधरा वर्षांचा आर्मां आणि त्याचा धाकटा भाऊ लेओपोल्द हे विचित्र वाहन घेऊन गावात निघाले. पंख्याच्या घरघराटाने गाव दारात आले. गाडी खरोखरच बर्फावरून चालली. पण उघड्यावर गरगरणारा तो पंखा पाहून वडिलांच्या छातीत धडकी भरली आणि त्यांनी गाडी तिथल्या तिथे मोडायला लावली.

वडिलांची इच्छा मुलाने धर्मगुरू व्हावे अशी होती. त्यासाठी त्याला शेरब्रुकच्या धार्मिक विद्यालयात घातलेही होते. तिथे आर्मांचे मन रमले नाही. १९२४ मध्ये ते शिक्षण सोडून तो गॅरेजमध्ये उमेदवारीला लागला. मॉन्ट्रियलला दिवसा कामावर राहून रात्रीच्या वर्गांत तो यंत्रविद्या शिकला. वडिलांनी अखेर हार मानली आणि १९२६ मध्ये एकोणीस वर्षांच्या मुलाला गावातच गॅरेज काढायला पैसे दिले. तीन वर्षांनी इव्होन लाब्रेक हिच्याशी त्याचे लग्न झाले.

उन्हाळ्यात गॅरेजला उसंत नसे. हिवाळ्यात मात्र गावच्या मोटारी ठोकळ्यांवर चढल्या की मिस्त्रीचे हात रिकामे. या रिकाम्या महिन्यांत आर्मां बर्फावर चालणारी गाडी रचू लागला. वर्षामागून वर्षे तो एक रचना करून पाही, ती फसे, मोडून तो दुसरी करी. रणगाड्याला किंवा ट्रॅक्टरला असतो तसा पट्टा लावला तर गाडीचा भार मोठ्या जागेवर पसरतो आणि ती बुडत नाही, हे तत्त्व नवे नव्हते. फ्रेंच अभियंता आडोल्फ केग्रेस याने पहिल्या महायुद्धाआधीच रशियाच्या झारच्या मोटारींना पट्टे बसवले होते. पण क्वेबेकच्या ओलसर, चिकट बर्फापुढे पट्ट्यांचा टिकाव लागत नसे. पट्टा फिरवणाऱ्या दातेरी चाकात बर्फ साचून गोठत असे आणि सगळे यंत्र अडून बसे.

१९३४ च्या हिवाळ्यात त्याच्या घरावरच घाला आला. दोन वर्षांचा मुलगा इव्हों याच्या आंत्रपुच्छाला सूज आली आणि तो विकार पोटात पसरला. शस्त्रक्रियेवाचून इलाज नव्हता. इस्पितळ शेरब्रुकला, चाळीस-पन्नास किलोमीटरवर. रस्ते बर्फाने बंद. गावभरच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या बापाकडे त्या दिवशी मुलाला नेण्यासाठी एकही वाहन नव्हते. ज्या गाडीवर तो वर्षानुवर्षे खपत होता ती अजून कामाला येण्याजोगी झाली नव्हती. इव्हों गेला.

शोध लागला तो या दुःखामुळेच, असे म्हणणे सोपे आहे, पण खरे नव्हे. काम आधीपासून चालूच होते. मात्र ते आता छंद राहिले नाही. पुढच्या काही महिन्यांत त्याला नेमका दोष हाती लागला. त्याने दातेरी चाकावरच रबराचे आवरण चढवले. लवचीक पट्ट्यांना पोलादी आडपट्ट्या जोडून पट्टा केला आणि चाकाचे दात त्या आडपट्ट्यांत अडकतील अशी रचना केली. रबर वाकते, त्यामुळे त्यावर बर्फ घट्ट धरत नाही. दिसायला किरकोळ अशा या युक्तीने इतक्या वर्षांची अडचण सुटली. जून १९३७ मध्ये तिचे पेटंट मिळाले. मागे पट्टे, पुढे लाकडी पट्ट्या आणि आत सात माणसे बसतील अशी बंदिस्त गाडी विक्रीला आली. तिचे नाव ‘बी-७’.

ती घेणाऱ्यांची यादी पाहिली की या गाडीचे मोल कळते. खेड्यांतले डॉक्टर, धर्मगुरू, टपाल वाहणारे, टॅक्सीवाले आणि प्रेते दफनाला नेणारे. म्हणजे ज्यांना हिवाळा आहे म्हणून घरी बसता येत नाही अशी माणसे. १९४० मध्ये व्हालकूरला नवा कारखाना उभा राहिला आणि दोन वर्षांनी रीतसर कंपनी स्थापन झाली. त्यानंतरच्या बारा आसनी ‘बी-१२’ मध्ये रुग्ण नेण्याची सोय करता येत असे. शाळकरी मुलांसाठी त्याहून मोठी गाडी निघाली. युद्धकाळात सैन्यासाठी बर्फगाड्या बनल्या.

आणि मग १९४८ मध्ये एका चांगल्या निर्णयाने त्याच्या धंद्यावर कुऱ्हाड पडली. क्वेबेक सरकारने खेड्यांतले रस्तेही हिवाळ्यात साफ ठेवायचे ठरवले. मोटारी ठोकळ्यांवरून खाली उतरल्या आणि बर्फगाड्यांची विक्री पार घसरली. ज्या अडचणीवर आर्मांने उपाय शोधला होता, ती अडचणच सरकार दूर करू लागले होते. १९३४ मध्ये असा एक रस्ता मोकळा असता तर त्याचा मुलगा कदाचित वाचला असता. हा विचार त्याच्या मनात आलाच नसेल असे कसे म्हणावे? रस्ते साफ होण्यावर कुढत न बसता तो जिथे रस्ताच नाही तिकडे वळला.

१९५३ मध्ये त्याने ‘मस्केग’ हा पट्ट्यांचा ट्रॅक्टर काढला. दलदलीत, जंगलात, तेलाच्या शोधमोहिमांवर, जिथे साधे वाहन रुतून बसेल तिथे तो चालू लागला. थोरला मुलगा जेर्में याने अखंड रबरी पट्टा तयार केला आणि इंजिनेही हलकी झाली. तेव्हा एका-दोघांपुरत्या छोट्या बर्फगाडीचे जुने स्वप्न १९५९ मध्ये पुरे झाले. उत्तर ऑन्टारिओतल्या एका मिशनरी मित्राकडे, कुत्र्यांच्या घसरगाड्यांच्या मुलखात, तिची पहिली परीक्षा झाली. कुत्र्यांची जागा घेणारी म्हणून तिचे नाव ‘स्की-डॉग’ ठरले होते, ते छपाईच्या चुकीने ‘स्की-डू’ झाले, असे सांगतात. शिकारी आणि मिशनरी यांच्यासाठी केलेली ही गाडी पुढे लोकांनी हौसेने उडवायला घेतली आणि कंपनीचे भाग्य तिनेच उजळले. पुढचे मोठे वैभव पाहायला मात्र आर्मां राहिला नाही. १८ फेब्रुवारी १९६४ रोजी, ऐन हिवाळ्यात, शेरब्रुक येथे कर्करोगाने त्याचे निधन झाले. वय अवघे छप्पन्न.

जिथे तीस वर्षांपूर्वी मुलाला पोहोचवता आले नाही, त्याच गावी बापाचा अंत व्हावा, हा योगायोग मनाला चटका लावतो. रेल्वे आणि विमाने हा नंतरच्या पिढीचा पराक्रम. व्हालकूरला १९७१ मध्ये उघडलेल्या संग्रहालयात त्याचे ते पहिले छोटे गॅरेज जपून ठेवले आहे. हिवाळ्यात बाहेर गावच्या मोटारी ठोकळ्यांवर चढलेल्या असत, तेव्हा याच चार भिंतींत तो मिस्त्री एकटा काम करत असे.